कॉलेजांतील खेळाडू पुढें कोठें जातात ?

गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं शाळा सुटल्यावर वरच्या वर्गांतील एक विद्यार्थी आपल्या वडिलांसह मजकडे आला. मुलाच्या हातांत एक जाड वही होती. तींत अभ्यासाचें एक अक्षर नव्हतें. अमेरिकेंतील गोंझागा नांवाच्या विद्यापीठाच्या बास्केटबॉल-संघांतून बाहेर पडलेले कोणकोणते खेळाडू धंदेवाईक संघांत गेले, कोणीं किती गुण केले, कोणास किती पैसा मिळाला, हें सारें त्यानें मोठ्या निगुतीनें टिपून ठेविलें होतें. वडील म्हणाले, "सर, हा म्हणतो, मीहि असाच खेळाडू होणार, मग गणित कशाला? आतां तुम्हीच याला कांहीं सांगा." मुलगा म्हणाला, "पण सर, वहींत पाहा ना, किती जण पोहोंचले आहेत तें !"

मीं वही चाळून पाहिली. माहिती बहुतेक बरोबर होती. उणीव एवढीच कीं, जे पोहोंचले त्यांचींच नांवें तींत होतीं. आणि पोहोंचण्यापूर्वीं व पोहोंचल्यावर त्यांचें काय झालें, याचा उल्लेख नव्हता. म्हणून मीं त्यास वही बंद करावयास न सांगतां ती पुरी करावयास सांगितलें. ती पुरी करितां करितां आम्हां दोघांस जें समजलें, तें इतर विद्यार्थ्यांस व पालकांस उपयोगी पडेल असें वाटल्यावरून येथें देत आहें.

प्रथम या विद्यापीठाविषयीं थोडेंसें. अमेरिकेच्या वायव्य भागांत वॉशिंग्टन नांवाचें संस्थान आहे. त्यांतील स्पोकॅन शहरीं जेसुइट धर्मगुरूंनीं १८८७ सालीं ही संस्था सुरू केली. रोम शहरीं साथीच्या रोग्यांची शुश्रूषा करीत असतां १५९१ सालीं, वयाच्या अवघ्या तेविसाव्या वर्षीं, मरण पावलेला तरुण संत अलॉयसियस गोंझागा याचें नांव तिला दिलेलें आहे. अमेरिकेंतील प्रचंड विद्यापीठांच्या मानानें ही संस्था लहानच. तिचा संघ कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत प्रथम उतरला तो १९९५ सालीं. १९९९ सालीं तो शेवटच्या आठ संघांत पोहोंचला, आणि त्याच वर्षीं मार्क फ्यू हे मुख्य शिक्षक झाले. पुढें २०१७ व २०२१ सालीं संघ अंतिम सामन्यापर्यंत गेला व दोन्हीं वेळां हरला. तथापि ज्या संस्थेचें नांव दूरच्या लोकांस नीट उच्चारतांहि येत नसे, तिचे खेळाडू आतां जगभरच्या संघांत दिसूं लागले आहेत.

आतां कॉलेजांतून धंदेवाईक खेळांत जाण्याचा मार्ग कसा असतो तें पाहूं. अमेरिकेंतील मुख्य धंदेवाईक संघटना म्हणजे नॅशनल बास्केटबॉल असोसिएशन, म्हणजेच एन्. बी. ए. होय. तींत ३० संघ आहेत व प्रत्येक संघास १५ खेळाडूंशीं नेहमींचे करार करितां येतात. म्हणजे जागा साऱ्या ४५०. दरवर्षीं उन्हाळ्यांत नव्या खेळाडूंची निवड होते. तिला ड्राफ्ट म्हणतात. तिच्या दोन फेऱ्या असतात व प्रत्येक फेरींत साधारणतः ३० नांवें पुकारलीं जातात. पहिल्या फेरींतील खेळाडूच्या कराराचीं पहिलीं दोन वर्षें पक्कीं असतात. दुसऱ्या फेरींतील खेळाडूस नियमानें तशी हमी नसते. ज्याचें नांव मुळींच पुकारलें जात नाहीं, त्यास स्वतः दारोदार फिरून संधि शोधावी लागते.

येथें मीं त्या विद्यार्थ्यास पाटी घ्यावयास सांगितलें. वरच्या प्रतीच्या स्पर्धांत भाग घेणारीं कॉलेजें ३५० हून अधिक आहेत. प्रत्येक संघांत निदान १२ खेळाडू धरले, तरी खेळाडू झाले ४,२०० ! त्यांतील एक चतुर्थांश दरवर्षीं बाहेर पडतात असें मानलें, तर हजाराहून अधिक उमेदवार झाले. जागा ६०, आणि त्यांतहि परदेशचे खेळाडू वांटेकरी. मुलानें हिशेब पुरा केला व तो क्षणभर गप्प बसला. मग हळूच म्हणाला, "सर, हें गणित वहींत नव्हतें."

परंतु गणितानें अर्धीच गोष्ट कळते. बाकीची गोष्ट माणसांच्या चरित्रांतून कळते. आणि गोंझागाच्या माजी खेळाडूंचीं चरित्रें याबाबतींत फार बोधप्रद आहेत.

त्यांत पहिला मान जॉन स्टॉक्टन यांचा. हे स्पोकॅनचेच राहणारे. उंची सहा फूट एक इंच. बास्केटबॉलच्या जगांत ही बेताचीच. चार वर्षें गोंझागांत खेळून १९८४ च्या निवडींत ते १६ व्या क्रमांकावर यूटा जॅझ या संघांत गेले आणि १९ वर्षें त्याच एका संघांत राहिले. या दीर्घ काळांत त्यांचे अवघे २२ सामने चुकले. आपल्या पासवरून सोबत्यानें तात्काळ गोल केला, तर त्या पासची वेगळी नोंद ठेवितात. स्टॉक्टन यांच्या नांवावर अशा १५,८०६ नोंदी आहेत. त्यांनीं २००३ सालीं निवृत्ति घेतली, तरी २०२५ पर्यंत हा आंकडा कोणासहि गांठतां आला नव्हता. विद्यार्थ्यांनीं लक्षांत घ्यावें, हा विक्रम स्वतः गोल करण्याचा नव्हे, दुसऱ्याकडून करविण्याचा आहे. त्यांच्या संघास अजिंक्यपद मात्र कधींच मिळालें नाहीं. १९९७ व १९९८ अशा दोन्हीं वर्षीं अंतिम फेरींत शिकागोनें त्यांस हरविलें.

याच्या उलट अ‍ॅडम मॉरिसन यांची कथा. लहानपणापासून मधुमेह, सामन्याच्या मध्यंतरांतहि बाकावर बसून रक्तांतील साखर पाहावी लागे. तरी २००५-०६ च्या हंगामांत देशांतील सर्व कॉलेज-खेळाडूंत सरासरी सर्वांत अधिक गुण यांचे होते. २००६ च्या निवडींत तिसऱ्याच क्रमांकावर शार्लट संघानें त्यांस घेतलें. पुढच्याच वर्षीं हंगामापूर्वींच्या एका सामन्यांत गुडघ्याचा स्नायुबंध तुटला व सबंध हंगाम वायां गेला. त्यानंतर पूर्वींची चपळाई परत आली नाहीं. लॉस एंजेलिसच्या लेकर्स संघाबरोबर त्यांस २००९ व २०१० सालीं अजिंक्यपदाच्या आंगठ्या मिळाल्या, पण त्या बहुतेक बाकावर बसूनच. पुढें सर्बिया व तुर्कस्तान येथील संघांत ते खेळले. सोळाव्या क्रमांकाच्या माणसानें १९ वर्षें मैदान गाजविलें, आणि तिसऱ्या क्रमांकाच्या माणसाचें मैदान थोड्याच वर्षांत सुटलें. यांत दोष कोणाचा ? कोणाचाच नाहीं. गुडघा हा कोणाच्याहि गुणवत्तेची पर्वा करीत नाहीं.

तिसरें नांव रॉनी टुरियाफ. हे फ्रेंच अंमलाखालील मार्टिनीक बेटाचे. २००५ च्या निवडींत दुसऱ्या फेरींत लेकर्स संघानें त्यांस घेतलें. परंतु वैद्यकीय तपासणींत असें आढळलें कीं, हृदयांतून निघणारी मुख्य रक्तवाहिनी मुळाशीं फुगलेली आहे. करार रद्द झाला. छाती उघडून मोठी शस्त्रक्रिया करावी लागली. तिचा खर्च मात्र त्या संघानें सोसला. पुढील वर्षाच्या आरंभीं टुरियाफ एका लहान संघटनेंतील संघाकडून पुन्हां मैदानावर उतरले, आणि थोड्याच दिवसांत लेकर्सनें त्यांस परत बोलाविलें. २०१२ सालीं मायामीच्या विजयी संघांत ते होते. खेळाच्या तपासणीनें त्यांची नोकरी गेली, पण प्राण वांचला. जो केवळ गुणांचेच आंकडे टिपतो, त्याच्या वहींत ही गोष्ट कशी येणार ?

आतां अलीकडची हकीकत. २०२२ च्या निवडींत गोंझागाचे दोन सोबती एकाच दिवशीं गेले. चेट होल्मग्रेन या सात फूट उंचीच्या तरुणाचें नांव दुसऱ्या क्रमांकावर ओक्लाहोमा सिटीनें पुकारलें. अँड्र्यू नेम्हार्ड या कॅनडाच्या खेळाडूचें नांव इंडियाना संघानें ३१ व्या क्रमांकावर, म्हणजे दुसऱ्या फेरीच्या आरंभीं, पुकारलें. पहिला हंगाम सुरू होण्यापूर्वींच होल्मग्रेन यांचा पाय दुखावला व सबंध वर्ष बसून काढावें लागलें. नेम्हार्ड यांस मात्र पहिल्याच वर्षीं भरपूर खेळावयास मिळालें. शेवटीं २०२५ च्या जून महिन्यांत हे दोघे अजिंक्यपदाच्या अंतिम फेरींत समोरासमोर उभे राहिले ! सात सामने झाले. २२ जून रोजीं सातव्यांत ओक्लाहोमानें १०३ विरुद्ध ९१ गुणांनीं विजय मिळविला. ज्याच्या वहींत गोंझागाचीं नांवें होतीं, त्यानें त्या दिवशीं कोणाच्या बाजूनें टाळ्या वाजवाव्या ?

येथें आमच्या विद्यार्थ्यानें एक मार्मिक शंका विचारली. नेम्हार्ड हे आधीं फ्लॉरिडा विद्यापीठांत दोन वर्षें होते; मग ते कोणाचे म्हणावयाचे ? मीं म्हणालों, "दोघांचेहि. जो पांचवीपर्यंत खेड्यांतील शाळेंत शिकला व पुढें आपल्याकडे आला, त्यास घडविण्याचें सारें श्रेय आपण एकट्यानें घ्यावें काय ?"

निवडींत ज्यांचें नांवच निघत नाहीं, त्यांची वाट याहून लांबची. ड्र्यू टिम्मी यांनीं गोंझागांत चार वर्षें खेळून २,३०७ गुण केले. त्या विद्यापीठाच्या इतिहासांत इतके कोणाचेच नव्हते. तरी २०२३ च्या निवडींत त्यांचें नांव कोणींहि पुकारलें नाहीं. त्यांनीं धाकट्या संघटनेची वाट धरली. २००१ सालीं स्थापन झालेली ही संघटना हल्लीं जी लीग या नांवानें ओळखिली जाते. तेथें पगार थोडा, प्रेक्षक थोडे. दोन हंगाम तेथें घाम गाळल्यावर २०२५ च्या मार्चमध्यें ब्रुकलिन संघानें त्यांस वरच्या संघटनेंत घेतलें. केव्हिन पँगॉस यांनीं युरोपची वाट धरली: स्पेन, लिथुएनिया, रशिया. त्यानंतर सहा वर्षांनीं, म्हणजे २०२१ सालीं, ते एन्. बी. ए. मध्यें क्लीव्हलंडकडून खेळले. उलट जपानचे रुई हाचिमुरा २०१६ सालीं गोंझागांत आले तेव्हां त्यांस इंग्रजी नीट येत नव्हतें व पहिल्या वर्षीं खेळावयासहि फारसें मिळालें नाहीं. तेच २०१९ सालीं नवव्या क्रमांकावर निवडले गेले. पहिल्या फेरींत निवड झालेले ते पहिलेच जपानी होत.

आमच्या विद्यार्थिनींसहि येथें एक नांव सांगण्याजोगें आहे. कोर्टनी व्हँडरस्लूट यांनीं गोंझागाच्या मुलींच्या संघांत २,००० हून अधिक गुण केले व वर सांगितलेल्या पद्धतीचे १,००० हून अधिक पास दिले. वरच्या प्रतीच्या कॉलेज-खेळांत, पुरुष वा स्त्री, कोणींहि तोंपर्यंत या दोन्हीं गोष्टी साधल्या नव्हत्या. स्त्रियांच्या धंदेवाईक संघटनेंत त्यांस २०२१ सालीं शिकागोबरोबर व २०२४ सालीं न्यूयॉर्कबरोबर अजिंक्यपद मिळालें.

वहीचें शेवटचें पान मात्र मीं एका जुन्या नांवासाठीं राखून ठेवावयास सांगितलें होतें. टिम्मी यांनीं २०२३ सालीं गुणांचा जो विक्रम मोडला, तो १९६१ पासून फ्रँक बर्जेस यांच्या नांवावर होता. विमानदलांत नोकरी करून ते थोड्या मोठ्या वयांत गोंझागांत आले व तीनच हंगामांत २,१९६ गुण करून गेले. १९६०-६१ सालीं सरासरीनें ते देशांत पहिले होते. पुढें एका नव्या धंदेवाईक संघटनेंत हवाई बेटांच्या संघाकडून ते खेळले. परंतु ती संघटनाच १९६२ अखेर बंद पडली. खेळाडूचा धंदा असा त्याच्या कांहीं अपराधावांचूनहि बुडूं शकतो. बर्जेस परत स्पोकॅनला आले, त्याच गोंझागांत कायद्याच्या वर्गांत बसले, व १९६६ सालीं पदवीधर झाले. त्या नीग्रो वंशाच्या माणसानें पुढें वकिली केली. १९९४ सालीं ते संयुक्त संस्थानांच्या जिल्हा न्यायालयाचे न्यायाधीश झाले. २०१० सालीं ते वारले.

आमच्या मित्राच्या मूळ वहींत बर्जेस यांचें नांव नव्हतें. कारण धंदेवाईक खेळांत त्यांचे गुण थोडे. मीं त्यास विचारलें, "विद्यापीठाला यांचा अभिमान कमी वाटत असेल काय ?" त्यानें मान हालविली.

पालकांस माझी विनंति एवढीच कीं, मुलाच्या हातांतील चेंडू हिसकावून घेऊं नये. ज्यांचीं नांवें वर आलीं, त्यांपैकीं एकहि जण आळसानें मोठा झाला नाहीं. आणि विद्यार्थिमित्रांनो, आपल्या आवडत्या संघाचे माजी खेळाडू पुढें काय करितात हें अवश्य पाहा. पण वहींत रकाने पुरे ठेवा. तो कोणत्या दारानें आंत गेला ? दार बंद झालें तेव्हां त्यानें काय केलें ? खेळ संपल्यावर त्याच्या हातांत कोणतें काम राहिलें ? हे तीन रकाने भरल्याखेरीज गुणांचा रकाना वाचूं नये.

तो विद्यार्थी अजून रोज सायंकाळीं मैदानावर असतो. सहामाहींत त्यास गणितांत बरे गुण मिळाले. वडिलांनीं भेटून विचारलें, "सर, मग याचें काय होईल ?" मीं म्हणालों, "तें आज कोणास ठाऊक ? पण जें होईल त्यास तोंड देण्याची तयारी तो करीत आहे."