काळ्या दगडावरचे घर आणि रेडॉन

रेडॉन हा जमिनीतून उठणारा किरणोत्सारी वायू. युरेनियमपासून रेडियम, रेडियमपासून रेडॉन अशी त्याची वंशावळ. त्याला रंग नाही, वास नाही. अर्धायुष्य ३.८ दिवसांचे असल्याने मातीच्या फटींतून घरात शिरायला त्याला पुरेसा अवधी मिळतो. आत आल्यावर त्यापासून पोलोनियमचे अणू बनतात आणि धुळीला चिकटून श्वासावाटे फुप्फुसात बसतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९८८ मध्ये रेडॉनला कर्करोगकारक ठरवले. विडी-सिगारेट ओढणाऱ्याला त्याचा धोका कितीतरी पटींनी जास्त.

घर कोणत्या खडकावर उभे आहे, यावर बरेच काही ठरते. मोसम आणि गिरणा यांच्या काठचे मालेगाव दख्खनच्या बेसॉल्टवर वसले आहे. या काळ्या दगडात युरेनियम दर दहा लाख भागांत जेमतेम १ भाग, बहुधा त्याहूनही कमी; ग्रॅनाइटमध्ये ते साधारण ३ ते ५ भाग असते. त्यामुळे रेडॉनची काळजी भंडारा, गोंदिया, गडचिरोली किंवा सिंधुदुर्गातल्या जुन्या खडकांवरच्या घरांनी आधी करावी. मालेगावात तळघरे थोडी, जोती उंच आणि खिडक्या वर्षाचा बराच काळ उघड्या. यंत्रमागाच्या खोलीत उडणारे सुताचे तूस हा इथल्या फुप्फुसांचा अधिक जवळचा शत्रू आहे. राखेच्या विटांविषयीही शंका घेतली जाते. कोळसा जळल्यावर राखेत युरेनियमचे प्रमाण वाढते खरे, पण राखेच्या काचेसारख्या कणांतून रेडॉन फारसा सुटत नाही.

तरीही अंदाज म्हणजे मोजणी नव्हे. एकाच गल्लीतल्या दोन घरांत आकडे वेगळे येऊ शकतात. भाभा अणुसंशोधन केंद्राने यासाठी सूक्ष्म छिद्राची डोसीमीटर कुपी विकसित केली आहे. तिच्यातील एलआर-११५ फिल्मवर अल्फा कणांच्या खुणा उमटतात. कुपी काही महिने टांगून ठेवायची, मग खुणा मोजायच्या. जागतिक आरोग्य संघटनेने २००९ मध्ये सुचवलेली पातळी घनमीटरला १०० बेकरेल (किरणोत्साराचे एकक). ते जमत नसेल तर ३०० च्या वर जाऊ नये. अमेरिकेत १४८ बेकरेलला दुरुस्तीचा सल्ला देतात.

अमेरिकेला जाग आणली ती पेनसिल्व्हेनियातल्या स्टॅनली वॉट्रस या अभियंत्याने. डिसेंबर १९८४ मध्ये लिमरिक अणुवीज केंद्रात शिरताना किरणोत्सार तपासणारे यंत्र त्याला पाहून वाजू लागले. केंद्र तेव्हा सुरूही झाले नव्हते. दोष त्याच्या घराचा निघाला, तिथे घनमीटरला सुमारे १ लाख बेकरेल रेडॉन होता.

शेजारच्या न्यू जर्सीत मराठी कुटुंबे मोठ्या संख्येने राहतात. तिथे घर घेताना रेडॉनची तपासणी नित्याची झाली आहे. थंडीत घरातील गरम हवा वर चढते आणि खालची हवा जमिनीतून ओढली जाते, त्यामुळे तळघराचा आकडा चढतो. उपाय साधाच. कोब्याला भोक पाडून प्लास्टिकचा नळ खाली सोडतात, पंख्याने जमिनीखालची हवा ओढून छपरावर सोडतात. भेगा बुजवणे हे पूरक काम. नुसत्या लांबीवर भागवू पाहणारा कंत्राटदार टाळावा. पंखा राहत्या खोलीत किंवा तळघरात बसवत नाहीत, नळाला गळती लागली तर वायू घरातच पसरेल.

कंत्राटदार निवडताना राज्याचा परवाना आधी पाहावा, निदान दोन-तीन लेखी अंदाजपत्रके घ्यावीत आणि पातळी किती खाली आणणार याची हमी करारात लिहून घ्यावी. मोजणी आणि दुरुस्ती एकाच हाती देऊ नये, नाहीतर परीक्षार्थीच परीक्षक होतो. महाराष्ट्रात असा परवानाधारक धंदा उभा राहिलेला नाही. इथे आकडा जास्त आलाच, तर नहाणीचे आणि बोअरच्या पाइपाभोवतीचे सांधे बंद करणे आणि एसीसाठी कायम मिटलेल्या तळमजल्याच्या खोलीत वारा खेळू देणे ही गवंड्याच्या आवाक्यातली कामे आहेत.

अमेरिकेतल्या नळ-पंख्याच्या उपायात पंखा सुरू झाल्यावर २४ तासांनंतर पण ३० दिवसांच्या आत पुन्हा मोजणी करतात. नळावरच्या यू आकाराच्या नळीतील द्रवाची पातळी दोन्ही बाजूंना सारखी दिसली, तर पंखा बंद पडला असे समजावे. त्यापुढे दर दोन वर्षांनी मोजणी.