डोके का दुखते?

ज्याचे डोके कधी दुखले नाही, असा माणूस मिळायचा नाही. पेरणी असो की घरचे लग्न असो, डोके ठणकू लागले की कशात मन लागत नाही. मग कुणी कपाळाला फडके आवळून बांधतो. कुणी सुंठ उगाळून लावतो. कुणी दुकानातून गोळी आणतो. थोडा वेळ बरे वाटते. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच.

असे का होते? छपरातून धूर निघाला तर आपण आग शोधतो. डोके दुखले तर मात्र कारण शोधत नाही. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी, अशी गत होते.

दुखते ते काय?

मेंदूला स्वतःला दुखणे कळत नाही. मेंदूवरचे आवरण, तिथल्या रक्ताच्या नळ्या, कपाळाचे आणि मानेचे स्नायू दुखतात. आपण म्हणतो, डोके दुखले.

नेहमीची कारणे

आपला नगर जिल्हा, म्हणजे आताचा अहिल्यानगर, कमी पावसाचा आणि कडक उन्हाचा. उन्हात राबताना घाम जातो. तेवढे पाणी पोटात गेले नाही, तर डोके दुखते. पाथर्डी, शेवगावकडची मंडळी दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीला जातात. झोप पुरी होत नाही. डोक्यावर मोळ्या वाहून मान ताठते. संध्याकाळी डोक्याला पट्टा आवळल्यासारखे वाटते. ही ताणाची डोकेदुखी. घरची काळजी, कर्जाची काळजी, यांनीही ती होते.

उपवासाने दुखते. रोज चारदा चहा पिणाऱ्याला एक दिवस चहा मिळाला नाही, तरी दुखते. मशेरी, तंबाखू आणि दारू यांनी दुखते. चुलीच्या धुराने दुखते.

धुराची एक गोष्ट ध्यानात ठेवा. थंडीत खोलीत किंवा कोपीत शेगडी पेटवून दार लावू नका. कोळशाचा विषारी वायू दिसत नाही, त्याला वासही नसतो. आतल्या सगळ्यांचेच डोके एकदम दुखू लागले, तर ताबडतोब बाहेर पडा. झोपेत या वायूने माणसे दगावतात.

आणखी एक कारण खास तुमच्यासाठी. तुम्ही नुकते वाचू लागलात. वाचताना डोके दुखते का? पुस्तक लांब धरावे लागते का? मग चाळिशी लागली असेल. डोळे तपासून चष्मा घ्या. वाचन सोडू नका.

अर्धशिशी

हिच्यात बहुधा डोक्याची एकच बाजू ठणकते. मळमळते, उलटी होते. उजेड आणि आवाज नकोसा होतो. चार तासांपासून तीन दिवसांपर्यंत त्रास राहतो. बायांमध्ये हिचे प्रमाण जास्त आहे. पुष्कळदा आईला असते तशी लेकीला होते. म्हणून सुनेने डोके धरले तर ती सोंग करते, असे म्हणू नका. तिला अंधाऱ्या, शांत जागी निजू द्या. वारंवार होत असेल तर डॉक्टरांना दाखवा. हिच्यावर चांगली औषधे आहेत.

उपाय काय करावा?

आधी सावलीत बसा. पाणी किंवा लिंबाचे सरबत प्या. पोटात काही घाला. मान हळूहळू चोळा. थोडे झोपा. पुष्कळांचे डोके एवढ्यानेच थांबते.

न थांबले तर मोठ्या माणसाने पॅरासिटामॉलची ५०० मिलिग्रॅमची एक गोळी घ्यावी. सहा तासांच्या आत दुसरी घेऊ नये. दारू पिणाऱ्याने किंवा यकृताचा आजार असलेल्याने आधी डॉक्टरांना विचारावे. गोळी रोजची करू नका. महिन्यातले दहा-पंधरा दिवस गोळी घेत राहिले, तर त्या गोळीनेच डोके दुखू लागते. दुखण्याच्या काही गोळ्यांनी पोटात जखमा होतात, मूत्रपिंडे बिघडतात. अति तेथे माती.

कपाळाला डाग देऊ नका. मीठमोहऱ्या ओवाळल्या तर कुणाचे काही जात नाही, पण त्यापायी दवाखान्याला उशीर नको.

दवाखान्यात केव्हा जावे?

जामखेडला डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे यांनी १९७० साली ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. गावोगावच्या बाया निवडून त्यांना शिकवले. पुष्कळजणींना अक्षरओळख नव्हती. तरी कोणते दुखणे घरी बरे होईल आणि कोणते दवाखान्यात न्यावे, हे त्या ओळखू लागल्या. तुम्हांला तर वाचता येते. या खुणा पाठ करा:

१. क्षणात उठलेली, जन्मात कधी नव्हती अशी डोकेदुखी.
२. ताप आहे, मान आखडली आहे, उलट्या होतात.
३. तोंड वाकडे झाले, हातपाय लुळा पडला, बोलणे अडखळले. हा पक्षाघात. साडेचार तासांच्या आत मोठ्या दवाखान्यात पोचले तर उपचार जास्त लागू पडतात.
४. डोक्याला मार लागला आणि मग उलटी, गुंगी किंवा झटके आले.
५. गरोदर बाईचे डोके फार दुखते, अंधुक दिसते, तोंडावर सूज आहे. आई आणि बाळ दोघांना धोका आहे.
६. उन्हात किंवा पिकावर औषध फवारल्यावर डोके दुखून माणूस बरळू लागला, बेशुद्ध झाला. फवारणीच्या औषधाची बाटली सोबत न्या.
७. डोळा लाल होऊन दुखतो आणि दिसणे कमी झाले.

असे दिसले तर १०८ नंबरला फोन करा. गाडी फुकट येते.

पन्नाशीनंतर डोकेदुखी पहिल्यांदाच सुरू झाली किंवा रोज वाढत चालली, तर तीही लवकर दाखवा.

रक्तदाबाचेही ऐका. डोके दुखत नाही म्हणजे रक्तदाब ठीक, असे नसते. वाढलेला रक्तदाब बहुधा काहीच खूण दाखवीत नाही. म्हणून तिशीनंतर वर्षातून एकदा उपकेंद्रात तो मोजून घ्या.

आता एक काम करा

घरातल्या कॅलेंडरवर, डोके दुखेल त्या तारखेला खूण करा. शेजारी दोन शब्द लिहा: ऊन, उपवास, जागरण, पाळी, गोळी घेतली. दोन महिन्यांनी वाचून पाहा. कारण पुष्कळदा तुम्हांलाच सापडेल. नाही सापडले, तर तेच कॅलेंडर डॉक्टरांना दाखवा. त्यांचे निम्मे काम सोपे होईल.