मनाचा विरोध

स्वतःत बदल घडवू पाहणाऱ्या माणसाला सर्वाधिक विरोध होतो तो त्याच्याच मनाकडून. घडलेल्या चुकीची लाज त्याला जागीच खिळवून ठेवते. रायपूर ही ज्यांची कर्मभूमी, ते मराठीभाषी हिंदी पत्रकार माधवराव सप्रे यांचे उदाहरण येथे उद्बोधक ठरेल. १९०८ मध्ये ‘हिंदी केसरी’तील लेखनाबद्दल त्यांना राजद्रोहाच्या आरोपावरून अटक झाली. कुटुंबीयांच्या आग्रहास्तव माफी मागून ते सुटले. परंतु पश्चात्तापाने पुरते खचले. सार्वजनिक जीवनापासून दूर राहून ते समर्थ रामदासांच्या चिंतनात रमले. याच चिंतनातून काम उभे राहिले. ‘दासबोध’ आणि लोकमान्य टिळकांचे ‘गीतारहस्य’ हे ग्रंथ त्यांनी हिंदीत आणले. १९२६ मध्ये रायपूर येथे त्यांचे निधन झाले. पश्चात्ताप कामाला लागला, म्हणजे मनाचा विरोध ओसरू लागतो.