रत्नागिरीचं मत्स्यालय : कसं बघावं, का बघावं

रत्नागिरी जिल्ह्यातल्या पोरांना प्राणीसंग्रहालय म्हटलं की मुंबईची राणीची बाग आठवते. दिवाळीच्या सुट्टीत मामाकडे नाहीतर काकाकडे जायचं, भायखळ्याला उतरायचं आणि १८६२ साली लोकांसाठी खुली झालेली ती बाग पायाचे तुकडे पडेपर्यंत हिंडायची, हा कोकणातल्या कितीतरी घरांचा परिपाठ. वाघ तिथे, हत्ती तिथे आणि २०१६ पासून पेंग्विनही तिथेच. रत्नागिरी शहरात असं काही नाही. गणपतीपुळ्याजवळ मालगुंडला प्राणीसंग्रहालय उभारण्याची घोषणा झाली आहे, ते होईल तेव्हा होईल. पण जिवंत प्राणी नीट जवळून बघायला मिळावेत अशी एक जागा रत्नागिरीत गेली कित्येक वर्षं आहे. ती म्हणजे पेठकिल्ल्यातलं मत्स्यालय. गणपतीपुळे, पावस, थिबा राजवाडा, टिळकांचं जन्मस्थान या यादीत पाहुणे ते शेवटी कुठेतरी लिहितात आणि वेळ कमी पडला की पहिल्यांदा तेच खोडतात. तसं करू नये, यासाठी हा लेख.

मत्स्यालय म्हणून आपण ज्याला ओळखतो ते मुळात एका संशोधन केंद्राचं दालन आहे. सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र १९५८ साली सुरू झालं. त्या वेळी ते सरकारच्या मत्स्यव्यवसाय खात्याकडे होतं. १९७२ साली दापोलीला कोकण कृषी विद्यापीठ स्थापन झालं आणि त्यानंतर हे केंद्र विद्यापीठाकडे आलं. आज त्या विद्यापीठाला डॉ. बाळासाहेब सावंत यांचं नाव आहे. याच विद्यापीठाचं मत्स्य महाविद्यालय १९८१ पासून शहरालगत शिरगावला आहे. म्हणजे भात, आंबा आणि काजू यांच्या जोडीला समुद्राचाही अभ्यास करणारं हे कृषी विद्यापीठ. मासा हेही कोकणाचं पीकच आहे आणि त्याचा हंगाम, त्याचं बी, त्याची कापणी यांचा विचार शेतीइतकाच काटेकोरपणे व्हायला हवा, ही त्यामागची भूमिका. त्यामुळे इथल्या टाक्या करमणुकीसाठी मांडलेल्या नाहीत. संशोधकांना जे रोज हाताळावं लागतं, त्यातलं थोडं लोकांसमोर ठेवलेलं आहे. बघायला जाताना हे मनात असलं की दालन वेगळं दिसतं.

आत सगळ्यांत आधी पाय थबकतात ते देवमाशाच्या सांगाड्यापाशी. सुमारे ५५ फूट लांब आणि जवळपास ५ टन वजनाचा हा सांगाडा. पोरं धावत जाऊन त्याच्यासोबत फोटो काढतात आणि पुढे पळतात. त्यांना तिथे पाच मिनिटं थांबवावं. मणके एकामागोमाग एक मोजायला सांगावेत. पुढच्या वल्ह्यासारख्या अवयवाची हाडं दाखवावीत. मनगट आणि बोटं असावीत तशा हाडांच्या ओळी तिथे असतात, कारण देवमाशाचे पूर्वज जमिनीवर चालणारे प्राणी होते. माशाच्या परात अशी बोटं नसतात. माशाची शेपटी उभी असते आणि डावी-उजवीकडे हलते. देवमाशाची शेपटी आडवी असते आणि वर-खाली हलते. तो फुप्फुसाने श्वास घेतो, पिल्लाला दूध पाजतो. नावात मासा असला तरी नात्याने तो गाई-म्हशींना आणि आपल्याला जवळचा. शाळेच्या पुस्तकात सस्तन प्राण्यांचा धडा पाठ करून जे समजत नाही ते इथे हाडांवरून समजतं.

हा प्राणी रत्नागिरीला परका नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याच्या किनाऱ्यावर देवमाशाचं एक पिल्लू वाळूत रुतलं होतं. वनखातं, स्थानिक मंडळी, जीवरक्षक यांनी दिवस-रात्र खटपट केली, अंगावर पाणी ओतत राहिले, शेवटी त्याला बोटीने ओढून खोल समुद्रात सोडलं. पिल्लू वाचलं नाही. पण ज्या गावांचे लोक एका मुक्या जिवासाठी रात्रभर भिजत उभे राहिले, त्या गावांच्या मुलांनी त्या जिवाची शरीररचना समजून घेतली पाहिजे. त्यासाठी ही जागा आहे.

आता टाक्यांकडे वळू. गोड्या पाण्यातले शोभेचे मासे आणि खाऱ्या पाण्यातले जीव असे दोन विभाग मनाशी ठेवले की बघणं सोपं जातं. गोड्या पाण्यातले रंगीत मासे बहुतेकांना माहीत असतात, कारण ते दुकानात मिळतात. खरं कसब खाऱ्या पाण्याची टाकी राखण्यात आहे. समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. टाकीतलं पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात आणि पाणी जास्त खारट होत जातं. म्हणून गोडं पाणी मोजून घालावं लागतं. मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो आणि तो त्याच पाण्यात साठला तर त्यालाच मारतो. गाळणीतल्या वाळूत किंवा खड्यांवर वाढणारे जीवाणू त्या अमोनियाचं आधी नायट्राइट आणि मग नायट्रेट करतात. नायट्रेट बरंच कमी घातक असतं, आणि तेही पाणी बदलून कमी करावं लागतं. हे जीवाणू टाकीत रुजायला काही आठवडे जातात. तोपर्यंत मासे सोडायची घाई केली की मासे मरतात. शिवाय हवा चोवीस तास खेळती हवी. कोकणातल्या पावसात वीज गेली की माणसं मेणबत्ती शोधतात. मत्स्यालयात काम करणाऱ्याला आधी हवेचा पंप आठवतो.

पावसाळा खाऱ्या टाक्यांची परीक्षाच घेतो. जून लागला की काजळीसारख्या नद्या लाल माती घेऊन खाडीत उतरतात, किनाऱ्याजवळचं पाणी गढूळ होतं आणि त्याची खारटपणाची पातळी घसरते. समुद्र हाकेवर असला तरी ते पाणी तसंच्या तसं टाकीत घालता येत नाही. समुद्राकाठी मत्स्यालय असणं सोयीचं खरं, पण ती सोय वर्षाचे बाराही महिने सारखी नसते. काचेमागचं निवळशंख पाणी कोणीतरी रोज राखलेलं असतं, हे टाकीसमोर उभं राहिल्यावर मुलांना आवर्जून सांगावं.

मासा बघायचा कसा? आधी तोंड बघावं. तोंड वरच्या दिशेला उघडत असेल तर तो पृष्ठभागावरचं अन्न टिपणारा. खाली वळलेलं आणि मिशा असतील तर तळ चाचपणारा. मग कल्ल्यांची झाकणं बघावीत. ती किती वेगाने उघडझाप करतात यावरून मासा निवांत आहे की त्रासलेला आहे ते कळतं. मग अंगाच्या मधोमध जाणारी बारीक रेघ शोधावी. पाण्यातली हालचाल आणि दाब मासा त्या रेघेवरच्या इंद्रियांनी ओळखतो. म्हणूनच काचेवर टकटक करायची नाही. आपल्या बोटाचा आवाज त्याच्या सगळ्या अंगाला जाणवतो. फ्लॅश मारायचा नाही आणि काही खायला टाकायचं नाही, हेही पाळावं.

लायनफिश समोर असेल तर त्याच्या पिसाऱ्यासारख्या काट्यांत विष असतं हे सांगावं. समुद्रघोडा असेल तर त्याच्यात पिल्लांची पिशवी नराच्या पोटावर असते, आणि वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला पकडायला बंदी आहे, हेही सांगावं. शेवंडीच्या लांबलचक मिशा बघाव्यात. आपल्याकडच्या शेवंडीला खेकड्यासारखे मोठे नांगे नसतात, तिचं संरक्षण त्या काटेरी मिशा आणि कवच करतात.

टाक्यांइतकाच वेळ बरण्यांनाही द्यावा. औषधी द्रावणात ठेवलेल्या नमुन्यांचे रंग उडालेले असतात, म्हणून लोक पुढे सरकतात. पण जिवंत मासा क्षणभर थांबत नाही आणि बरणीतला मासा हवा तितका वेळ न्याहाळता येतो. शास्त्रीय नाव वाचायचं आणि आपल्या घरचं नाव त्याला जोडायचं. मोरी, पाखट, म्हाकूल, शिंगाळा, केंड, राणी मासा. बरोबर मच्छीमार कुटुंबातलं कुणी असेल, मग ते खारवी असोत, गाबीत असोत की दालदी, तर त्यांना पुढे करावं आणि आपण ऐकावं. केंड जाळ्यात आला की का फेकतात, तो फुगतो कसा आणि त्याचं विष किती भयंकर, हे ते सांगतील. शिंगाळ्याचा नर मादीने घातलेली अंडी तोंडात धरून सांभाळतो, त्या काळात तो खातही नाही, हे त्यांनी जाळं उपसताना स्वतः पाहिलेलं असतं. विद्यापीठाचं ज्ञान आणि होडीवरचं ज्ञान एकाच बरणीपुढे भेटतं तेव्हा मत्स्यालयात आल्याचं सार्थक होतं.

बेत आखताना एक दिवस पुरतो, पण क्रम नीट लावावा. रेल्वेने येणाऱ्यांनी लक्षात ठेवावं की स्टेशन शहराबाहेर कुवारबावच्या बाजूला आहे. तिथून रिक्षा किंवा एस.टी.ची शहर बस मिळते. सकाळी लवकर मिरकरवाड्याला जावं. राज्यातल्या मोठ्या मासेमारी बंदरांपैकी हे एक. नौका धक्क्याला लागतात, टोपल्या उतरतात, लिलाव पुकारले जातात, बर्फ फोडला जातो. वाटेत उभं राहून कामाचा खोळंबा करू नये, पायात ओलं झालं तरी चालेल अशी चप्पल असावी. तिथे जो मासा ढिगात दिसतो तोच दोन तासांनी मत्स्यालयात एकेकटा दिसतो, म्हणून आधी बंदर आणि मग मत्स्यालय. उन्हाच्या वेळी मत्स्यालयात सावलीला दीड-दोन तास काढावेत. ऊन उतरलं की रत्नदुर्गावर भगवतीच्या देवळात जावं. किल्ल्यावरून बंदर, दीपस्तंभ आणि खुला समुद्र एका नजरेत येतो. संध्याकाळी मांडवीची काळी वाळू आहेच.

निघण्याआधी केंद्रात फोन करून त्या दिवशीची वेळ विचारून घ्यावी. शाळेची सहल असेल तर आधी पत्र द्यावं, म्हणजे माहिती सांगायला कुणी असू शकेल. चाळीस मुलं एकदम आत सोडू नयेत, दहा-दहाचे गट करावेत. प्रत्येकाला एकच काम द्यावं. कुणी फक्त शेपट्यांचे आकार काढावेत, कुणी फक्त नावं लिहावीत. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते, त्या काळात मिरकरवाडा शांत असतो. त्यामुळे बंदर आणि मत्स्यालय एकाच दिवशी बघायचं तर नोव्हेंबर ते मार्च उत्तम. फेब्रुवारी-मार्चमध्ये आलात तर ऑलिव्ह रिडले कासवांची पिल्लं समुद्रात जाण्याचाही हंगाम असतो. मंडणगड तालुक्यातल्या वेळासला २००२ पासून सह्याद्री निसर्ग मित्र ही संस्था आणि गावकरी यांनी कासवांच्या संरक्षणाचं काम उभं केलं. त्याच किनाऱ्यावर जानेवारी २०२२ मध्ये एका मादीच्या पाठीवर उपग्रहाशी जोडलेलं यंत्र बसवलं गेलं आणि तिचं नाव ठेवलं प्रथमा. जाळ्यात कासव सापडलं तर जाळं कापून ते सोडणाऱ्या मच्छीमाराला नुकसानभरपाई देण्याची राज्य सरकारची योजना २०१८ च्या अखेरीपासून आहे. ही माहिती कासवाच्या नमुन्यासमोर सांगितली की मुलांच्या लक्षात राहते.

मुंबईच्या मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली उघडलं आणि मराठी माणसाच्या तीन पिढ्यांनी समुद्राचं पोट पहिल्यांदा तिथे पाहिलं. कोरोनाच्या काळात ते बंद झालं, पुढे इमारतही धोकादायक ठरली. अशा वेळी रत्नागिरीच्या या लहानशा दालनाची जबाबदारी वाढली आहे. त्याला मोठ्या शहरातल्या काचेच्या बोगद्यांशी स्पर्धा करायची गरज नाही. त्याच्याकडे शेजारी बंदर आहे, पाठीशी विद्यापीठ आहे आणि समोर मासे खाणारा, मासे ओळखणारा समाज आहे. चांगल्या पाट्या, मराठी आणि स्थानिक नावं, माहिती सांगणारा जाणता माणूस एवढं मिळत राहिलं तर ते कोणत्याही मोठ्या संग्रहालयाच्या तोडीचं काम करील. ते टिकतं ते बघणाऱ्यांमुळे. तिकीट काढून गर्दी करणारे लोक असले की अशा संस्थांकडे पैसे आणि लक्ष दोन्ही वळतं.

आपण कोकणी माणसं मासा ओळखतो तो चवीवरून आणि दरावरून. त्याचं वय, त्याचा वीणहंगाम, त्याचं घर आपल्याला क्वचितच ठाऊक असतं. सप्टेंबर २०२३ मध्ये पापलेटला महाराष्ट्राचा राज्य मासा म्हणून मान मिळाला. त्याच वर्षी सरकारने ५४ जातींच्या माशांसाठी पकडण्याचं किमान आकारमान ठरवलं. पापलेटसाठी ते १३५ मिलिमीटर आहे, म्हणजे जेमतेम सव्वापाच इंच. त्याहून लहान पापलेट म्हणजे एकदाही अंडी न घातलेलं पिल्लू. तेव्हा येत्या सुट्टीत मुलांना मत्स्यालयात न्या, त्यांना एकेक मासा शांतपणे बघू द्या. आणि परतताना बाजारात तळहातापेक्षा लहान पापलेटांचा वाटा स्वस्तात मिळत असेल, तर मुलांदेखत तो नाकारा.