साठवलेली आग

धर्मापुरीत आमच्या घरामागच्या परसात विटांची एक घुमटाकार भट्टी आहे. ही दुसरी. पहिली मी स्वतःच्या अकलेने बांधली होती आणि ती तिसऱ्या जाळालाच फुटली. ती का फुटली याचा शोध घेता घेता विटा, माती, धान्य आणि शेजार यांच्याबद्दल जे हाती लागलं, ते इथे मांडतो.

आमच्या भागात भट्टी म्हटलं की वीटभट्टी नाहीतर लोहाराची भट्टी डोळ्यांपुढे येते. खाण्याची भट्टी घरोघरी कधी नव्हतीच. त्याचं कारण आमच्या धान्यात आहे. मराठवाड्याचं मुख्य अन्न ज्वारी. ज्वारीच्या पिठात ग्लुटेन नसतं, त्यामुळे आंबवण्यातून तयार होणारा वायू ते पीठ धरून ठेवू शकत नाही. तिचा पाव फुगत नाही, भाकरी होते. भाकरीला पातळपणामुळे तापलेला तवा आणि क्षणभराचा विस्तव पुरतो. गव्हाचा आंबवलेला गोळा जाड असतो. त्याला खालून, वरून आणि बाजूंनी एकाच वेळी उष्णता लागते, तीही पाऊण-एक तास न हलणारी. चुलीतली ज्वाळा क्षणाक्षणाला बदलते, म्हणून ज्वारीला चूल पुरली आणि गव्हाच्या पावाला भट्टी लागली. ‘पाव’ हा शब्दच मुळी आपल्याकडे पोर्तुगिजांबरोबर आला. गोव्याचे पोदेर आजही त्या परंपरेचे वारस आहेत.

तरीही साठवलेल्या उष्णतेवर शिजवणं आम्हाला परकं नव्हतं. गोवऱ्यांचा जाळ खाली बसला की त्या फुफाट्यात रोडगे पुरले जातात. हुरड्याची आगटीही त्याच जातीची: ज्वाळा विझल्यावर खरं काम सुरू होतं. भट्टी हे त्याच तत्त्वाचं पक्कं बांधकाम आहे. आधी जाळ करून विटा तापवायच्या, मग निखारे बाजूला सारायचे आणि विटांनी पोटात घेतलेल्या उष्णतेवर भाजायचं.

हे तत्त्व मला पहिल्या वेळी तोंडपाठ होतं, समजलेलं नव्हतं. परळीच्या औष्णिक वीज केंद्रामुळे राखेच्या विटा आमच्याकडे सहज मिळतात. दिसायला सुबक, कडा सरळ. मी त्याच आणल्या आणि सिमेंटात बांधल्या. घराच्या भिंतीला हे उत्तम, भट्टीला घातक. राखेची वीट भाजलेली नसते. चुना किंवा सिमेंट पाणी धरून घट्ट होतं आणि त्याच्या जोरावर ती उभी असते. तापमान चारशे-साडेचारशे अंशांवर गेलं की ते धरलेलं पाणी सुटू लागतं आणि बांधणी भुसभुशीत होते. तिसऱ्या जाळाला कमानीतून पोपडे पडले आणि घुमटाला बोटभर भेग गेली. भट्टीला हवी आधीच आगीतून गेलेली वीट, म्हणजे आपली साधी लाल वीट.

पायाही चुकला होता. मी चार विटांचा थर थेट काळ्या मातीवर मांडला होता. ही माती पावसाळ्यात फुगते, उन्हाळ्यात आकसून भेगाळते आणि वरचं सगळं हलवते. शेतकऱ्याच्या बोलीत शेत म्हणजे ‘काळी’ आणि गावठाण म्हणजे ‘पांढरी’. घर पांढरीवर, पीक काळीवर, हा भेद मला लहानपणापासून माहीत होता. वापरायची वेळ आली तेव्हाच नेमका विसरलो.

दुसरी भट्टी उभी राहिली ती गल्लीतल्या एका मामांमुळे. ते मुंबईतल्या एका बेकरीत तीस वर्षं भट्टीवर होते. जानेवारी २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने लाकूड-कोळशावर चालणाऱ्या मुंबईतल्या बेकऱ्यांना सहा महिन्यांत स्वच्छ इंधनावर जायला सांगितलं. मामांच्या बेकरीत गॅसची भट्टी आली आणि मामा गावी परतले. त्या आदेशाबद्दल त्यांची तक्रार नाही. “धूर आम्हीच सगळ्यात आधी खाल्ला, सर,” एवढंच ते म्हणतात. पण त्यांच्या हाताला जे कळतं ते लिहून ठेवलेलं कुठेच नाही. ते हात माझ्या परसात होते, म्हणून मी वही काढली.

मामांनी काळी माती गुडघाभर उपसायला लावली आणि खड्ड्यात मुरूम ठोकून भरला. लादी बसवण्याआधी वाळूचा थर दिला. मग लादीवर ओल्या वाळूचा तीन फूट रुंद, दीड फूट उंच ढीग रचून त्यावर ओले कागद चिकटवले. हाच घुमटाचा साचा. त्यावर लाल विटांचे अर्धे तुकडे पांढऱ्या मातीच्या गाऱ्यात बसवत नेले. मातीचा सांधा आगीत आणखी भाजला जातो. गारा वाळल्यावर तोंडातून वाळू उपसून काढली.

तोंडाची उंची त्यांनी अकरा इंच ठेवली. मी हिशेब केला: आतल्या उंचीच्या साधारण एकसष्ट टक्के. जगभरचे भट्टी बांधणारे याच्याच आसपासचं प्रमाण पाळतात. या एकाच तोंडातून गार हवा खालून आत जाते आणि धूर वरून बाहेर येतो. तोंड उंच झालं तर उष्णता निघून जाते, बुटकं झालं तर जाळ घुसमटतो. मामांनी ते प्रमाण टाचेपासून गुडघ्यापर्यंत वीत लावून मोजलं होतं.

घुमटावर पांढरी माती आणि भरपूर गव्हाचा भुसा यांचा वीतभर थर आला. आत जड वीट उष्णता साठवते, बाहेर पोकळ थर ती धरून ठेवतो. हे पाहताना मला आमच्या शेजारच्या जिल्ह्यातलं तेर आठवलं. तिथल्या प्राचीन मंदिरांच्या विटा पाण्यावर तरंगतात इतक्या हलक्या आहेत. मातीत कालवलेला कोंडा-भुसा भाजताना जळून गेला की त्याच्या जागी पोकळी उरते, आणि पोकळीतली हवा उष्णता सहज जाऊ देत नाही. भुशाच्या थराची युक्ती तीच.

यानंतरचे पंधरा दिवस माझी परीक्षा होती. मला पाव भाजायचा होता आणि मामा रोज दोन गोवऱ्यांपलीकडे जाळ करू देत नव्हते. “घाई करू नका, सर. हिच्या पोटात अजून पाणी हाय.” पाण्याची वाफ झाली की तिला सुमारे सतराशे पट जागा लागते. ती हळूहळू निघाली तर भट्टी वाळते, कोंडली तर भट्टी फोडते.

खरा जाळ मार्गशीर्षात झाला. पेटवायला तुराट्या, टिकायला वाळलेली बाभूळ. ओलं लाकूड आपल्या ताकदीचा काही भाग स्वतःचं पाणी उकळण्यातच घालवतं आणि त्याचा धूरही जास्त होतो. आधी घुमट आतून काळाकुट्ट झाला. दीड-दोन तासांनी माथ्यावरची काजळी जळून वीट उजळ दिसू लागली. मामांचा तो इशारा: घुमट साडेतीनशे अंशांच्या पुढे गेला. विटा-माती मिळून माझ्या भट्टीचं आतलं वजन साडेचारशे किलोच्या आसपास आहे. ती सरासरी अडीचशे अंशांनी तापली, तर तीनशे लिटरहून अधिक गार पाणी उकळीला आणण्याइतकी उष्णता तिच्यात साठते. तेवढ्याला बाभूळ लागली पंधरा किलो.

पहिल्या निखाऱ्यांवर वांगी भाजली. निखारे ओढून, ओल्या फडक्याने लादी पुसून मामांनी चिमूटभर पीठ फेकलं. ते लगेच काळं पडलं. पाच मिनिटांनी पुन्हा फेकलं, ते सावकाश तांबूस झालं. तेव्हा पाव आत गेले. पावानंतर नानकटाई, नानकटाईनंतर शेंगदाणे, रात्री झाकण लावून तुरीच्या डाळीचं मडकं. सकाळी डाळ मऊ आणि भट्टी अजून गरम.

तेव्हा मला माझी सगळ्यात मोठी चूक कळली. दोघांच्या घरासाठी ही भट्टी पेटवणं म्हणजे लाकडाची नासाडी आणि शेजाऱ्यांना फुकटचा धूर. चूल एका घराची असते. भट्टीची उष्णता एका घराला संपवता येत नाही, म्हणून ती बेकरीची होते किंवा गल्लीची. रवा, तूप, साखर घेऊन बेकरीत जायचं आणि पत्र्याच्या डब्यात नानकटाई भरून आणायची, ही आपल्याकडची जुनी रीत याच हिशेबावर उभी होती.

आता महिन्यातून एकदाच जाळ होतो. या दिवाळीसाठी नऊ घरांनी नावं दिली आहेत आणि मामांनी त्यांचा क्रम उष्णतेप्रमाणे लावला आहे: आधी पाववाले, मग खारी, मग नानकटाई, मग दाणे. आमचं नाव शेवटी आहे. भट्टी शंभर अंशांखाली उतरली की आम्ही तिच्यात पुढच्या महिन्याची लाकडं वाळत घालणार.