पिस्तूल अडकते तेव्हा...

छत्रपती संभाजीनगर, प्रतिनिधी

तीन सेकंद. महिलांच्या २५ मीटर पिस्तूल प्रकारातील जलद टप्प्यात एका गोळीसाठी नेमबाजाला एवढाच अवधी मिळतो. मग सात सेकंदांची उसंत आणि पुन्हा तीन सेकंद. अशा पाच गोळ्यांची एक मालिका. कोल्हापूरच्या राही सरनोबत हिने २२ ऑगस्ट २०१८ रोजी पालेमबांग येथे याच प्रकारात आशियाई सुवर्णपदक पटकावले. अंतिम फेरीत थायलंडच्या स्पर्धकाशी ३४ गुणांवर बरोबरी झाली आणि निकाल लागायला दोन वेळा शूट-ऑफ घ्यावा लागला. आशियाई क्रीडा स्पर्धेत नेमबाजीचे सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. अशा लढतीत पुढचे काडतूस चेंबरमध्ये वेळेवर पोहोचलेच नाही तर काय, हा प्रश्न या प्रकारातील प्रत्येक नेमबाजाच्या मनात असतो.

शहरातील बहुतेक मुले-मुली नेमबाजीचे धडे १० मीटर एअर पिस्तुलावर गिरवतात. तेथे प्रत्येक छर्रा हातानेच भरायचा असल्याने ही अडचण उद्भवत नाही. (अर्थात एअर पिस्तूलही दगा देऊ शकते. टोकियो ऑलिम्पिकमध्ये २५ जुलै २०२१ रोजी मनू भाकरच्या पिस्तुलात ऐन पात्रता फेरीत बिघाड झाला, मोलाची मिनिटे वाया गेली आणि ५७५ गुणांसह तिला बाराव्या स्थानावर समाधान मानावे लागले.) पुढे पॉइंट टू-टू बोअरचे अर्धस्वयंचलित पिस्तूल हाती आले, की भरण्याचे काम यंत्राकडे जाते आणि कुरबुरींना तेथूनच प्रारंभ होतो.

हे यंत्र चालते कसे? गोळी सुटताच रिकामी पुंगळी मागे ढकलली जाते आणि तिच्याबरोबर स्लाइडही मागे सरकते. पुंगळी बाहेर फेकली जाते. मॅगझिनमधील स्प्रिंग पुढचे काडतूस वर उचलते, परतणारी स्लाइड त्याला पुढे ढकलते आणि एका छोट्या उतारावरून ते चेंबरमध्ये शिरते. हे सारे डोळ्याचे पाते लवते न लवते तोच घडते. यातील एकही पायरी चुकली, की पिस्तूल अडकते.

टू-टूच्या काडतुसाला तळाशी बाहेर आलेली कड असते आणि निम्म्या तक्रारींचे मूळ याच कडेत दडलेले असावे असे वाटते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कड खालच्या काडतुसाच्या कडेपुढे असली पाहिजे. ती मागे राहिली तर दोन्ही कडा एकमेकींत गुंततात आणि स्लाइडने कितीही रेटा दिला तरी वरचे काडतूस हलत नाही. घाईघाईत मॅगझिन भरणाऱ्याचे पिस्तूल 'खराब' निघते, ते यामुळे.

बिघाड शोधताना पहिला नियम सुरक्षिततेचा. नळीचे तोंड लक्ष्याकडेच असावे, बोट ट्रिगरपासून दूर. घोडा पडूनही बार उडाला नाही, तर सुमारे अर्धा मिनिट तसेच थांबावे. दारू उशिरा पेट घेऊ शकते. त्यानंतर आधी मॅगझिन काढावे, मगच स्लाइड मागे ओढावी आणि चेंबर डोळ्यांनी पाहावा. हा क्रम उलटा झाला, तर स्लाइड मॅगझिनमधले दुसरे जिवंत काडतूस आत ओढून नेते.

त्यानंतर काडतूस नेमके कोठे थांबले ते पाहावे. ते मॅगझिनमधून उचललेच गेले नसेल, तर मॅगझिन पूर्ण बसले नव्हते, त्याची स्प्रिंग थकली आहे किंवा स्लाइड पुरेशी मागे आलीच नाही. शेवटचीच गोळी वारंवार अडत असेल, तर संशय स्प्रिंगवर घ्यावा. काडतुसाचे टोक उताराला धडकून शिशावर ओरखडा उमटला असेल, तर उतारावर साचलेली काजळी किंवा मॅगझिनचे वाकलेले ओठ यांकडे पाहावे. काडतूस आत गेले पण स्लाइड पूर्ण मिटली नाही, तर चेंबरमध्ये मेण व शिशाचा थर असण्याची शक्यता अधिक. जुनी पुंगळी आत आणि नवे काडतूस तिच्या पाठीवर, असे दृश्य दिसले तर दोष भरण्यात नाही. पुंगळी ओढणारी आकडी झिजली आहे किंवा तिच्याखाली घाण साचली आहे.

स्लाइड अर्ध्यावरून परतण्याचे कारण कधी काडतुसातही असते. स्पर्धेची काडतुसे सौम्य दारूची असतात. एखाद्या पिस्तुलाला एका कंपनीचा माल मानवतो, दुसऱ्याचा नाही. युरोपात थंडीने काडतुसावरचे मेण घट्ट होते अशी ओरड असते. मराठवाड्यात थंडीपेक्षा धुळीचा जाच मोठा. सढळ हाताने तेल घातले, की त्यात धूळ बसून घासणारी लुकणी तयार होते. तेलाचे एक-दोन थेंब पुरेत.

मॅगझिनवर क्रमांक टाकून ठेवणे हा स्वस्त आणि खात्रीचा उपाय. प्रत्येक अडकण्याची नोंद ठेवली, की अडचण दोन क्रमांकाच्याच मॅगझिनमध्ये आहे, हे आठवडाभरात कळते. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. मॅगझिन, काडतुसे आणि स्प्रिंग एकदम बदलल्यास दोषी कोण ते कधीच समजत नाही.

स्पर्धेत मात्र ही सारी दुरुस्ती मनातल्या मनात ठेवावी लागते. आंतरराष्ट्रीय नियमांनुसार नेमबाजाने पिस्तूल लक्ष्याकडे रोखून धरायचे, मोकळा हात वर करायचा आणि अधिकाऱ्याची वाट पाहायची. काडतूस अडकले, पुंगळी निघाली नाही किंवा बार फुसका निघाला, तर बिघाड ग्राह्य धरला जातो आणि उरलेल्या गोळ्या झाडण्याची संधी मिळते. पण अधिकारी येण्याआधीच स्लाइडला हात लावला, सेफ्टी काढायची राहिली किंवा मॅगझिनमध्ये गोळ्याच कमी भरल्या, तर बिघाड अग्राह्य ठरतो आणि न झाडलेल्या गोळ्यांना शून्य गुण. अडकलेली स्लाइड झटकन मागे ओढण्याची सरावातली सवय येथे महागात पडते.

मॅगझिनचे ओठ पक्कडीने सरळ करणे किंवा उतार पॉलिश पेपरने घासणे हे उद्योग घरी करू नयेत. शस्त्र अधिनियम १९५९ अन्वये बंदूक-पिस्तुलांच्या दुरुस्तीच्या व्यवसायालाही परवाना लागतो. अशा परवानाधारक कारागिराकडे पिस्तूल देताना सर्व मॅगझिन, अडकलेल्या काडतुसांच्या कंपनीचे नाव आणि नोंदवही सोबत न्यावी. केवळ 'मध्येच अडकते' एवढ्यावर त्यालाही फारसे काही करता येत नाही.