जुन्या इलेक्ट्रिक गाडीचा खरा माल म्हणजे तिची बॅटरी

परतवाडा, अचलपूर आणि अमरावतीच्या आपल्या अनेक बांधवांचा रोजगार चिखलदऱ्याच्या हंगामावर चालतो. पावसाळा लागला की पर्यटक येतात, गाड्या भरून घाट चढतात. पेट्रोल-डिझेलच्या भावाने या धंद्यातला नफा खाऊन टाकला आहे, हे आम्ही नव्याने सांगायला नको. म्हणून दोन-तीन वर्षे वापरलेली विजेवरची मोटार निम्म्याशिम्म्या किमतीत मिळते असे कळले की माणसाला मोह होतो. व्याजाचे कर्ज टाळणारा आपला माणूस बहुधा वर्षानुवर्षे साठवलेले रोख भांडवल अशा गाडीत घालतो. सौदा चुकला तर त्याचा हप्ता चुकत नाही, भांडवलच बुडते. या आठवड्यात या विषयावर लिहिण्याचे कारण एवढेच.

पेट्रोलच्या जुन्या गाडीत आपण इंजिनाचा आवाज ऐकतो, धूर पाहतो, ऑइलची काडी काढतो. विजेच्या गाडीत यातले काही नाही. मोटर सहसा बिघडत नाही, रंग चकचकीत असतो, आणि किलोमीटरचा आकडा कमी असला तरी तो पुरते सांगत नाही. किमतीचा सर्वांत मोठा भाग बॅटरीत असतो आणि बॅटरी सीटखाली, पत्र्याच्या पेटीत बंद असते.

ही बॅटरी आपल्या रिक्षातल्या शिशाच्या बॅटरीसारखी नाही. शिशाच्या बॅटरीत आपले ऑटो इलेक्ट्रिशियन हायड्रोमीटर बुडवून अर्ध्या मिनिटात निकाल देतात. लिथियमच्या बॅटरीत बुडवायला काही जागा नाही. तिच्या आत दोन थरांमध्ये लिथियमचे कण ये-जा करतात. चार्ज करताना ते ग्राफाइटच्या थरात जाऊन बसतात, गाडी चालताना परत येतात. ग्राफाइटच्या पृष्ठभागावर एक पातळ साय धरते. ती साय संरक्षणासाठी लागतेच, पण वाढताना ती थोडे थोडे लिथियम कायमचे अडकवून ठेवते. जेवढे लिथियम अडकले तेवढी बॅटरी लहान झाली असे समजावे. टाकी बाहेरून तेवढीच दिसते, पण आत गाळ साचून पाणी कमी मावते, तसा हा प्रकार आहे.

साय वाढण्याची कारणे मुख्यतः तीन. पहिले, नुसता काळ जाणे. गाडी उभी असली तरी वय होतेच. दुसरे, वापर, म्हणजे किती वेळा भरली आणि रिकामी केली. तिसरे आणि आपल्या मुलखात सर्वांत महत्त्वाचे, उष्णता. तापमान दहा अंशांनी वाढले की ही झीज साधारण दुप्पट वेगाने होते, असा जाणकारांचा ढोबळ हिशेब आहे. त्यातही बॅटरी शंभर टक्के भरून उन्हात दिवसचे दिवस उभी ठेवणे सर्वांत वाईट. अकोल्याचा आणि अमरावतीचा मे महिना पंचेचाळीस अंशांचा असतो. पत्र्याखाली उभ्या गाडीचे काय होत असेल याची कल्पना वाचकांनीच करावी.

उष्णतेचा हा धडा जगाने अमेरिकेतील ॲरिझोना राज्यात घेतला. तिथल्या फिनिक्स शहराचा उन्हाळा आपल्या वऱ्हाडासारखाच कडक. २०१२ साली तिथल्या निसान लीफ गाड्यांच्या मालकांनी तक्रार केली की वर्ष-दोन वर्षांतच गाडीचा पल्ला घटला. त्या गाडीची बॅटरी थंड ठेवायला द्रवाची व्यवस्था नव्हती. पुढे कंपनीला पाच वर्षे किंवा साठ हजार मैलांपर्यंत क्षमतेची हमी द्यावी लागली. बारा रेघांपैकी नऊच्या खाली गेली तर दुरुस्ती कंपनीकडे. तेव्हापासून जाणता गिऱ्हाईक पहिला प्रश्न हा विचारतो की बॅटरी द्रवाने थंड होते की नुसत्या हवेने. आपल्याकडे २०२० च्या जानेवारीत आलेल्या टाटा नेक्सॉन इव्हीला द्रवाची व्यवस्था आहे. कोणतीही गाडी घ्या, हे आधी विचारून घ्यावे.

सरासरीचे आकडे मनाला दिलासा देणारे आहेत. जिओटॅब या कॅनडातील कंपनीने हजारो गाड्यांच्या नोंदी पाहून २०२४ मध्ये वर्षाला सरासरी १.८ टक्के घट सांगितली. पण सरासरी ही सरासरी असते. एखाद्या अभियंत्याने गॅरेजमध्ये जपलेली गाडी आणि रोज दोनदा जलद चार्जरवर भरून उन्हात पळवलेली टॅक्सी एकाच वयाच्या असून वेगवेगळ्या असतात.

आता चिखलदऱ्याचा हिशेब मांडू, कारण घाट खोटे बोलत नाही. अमरावतीहून चिखलदरा एका बाजूने ऐंशी-पंचाऐंशी किलोमीटर पडतो. परतवाड्यापर्यंतचा रस्ता बहुतेक सपाट, पुढे डोंगर. चिखलदरा समुद्रसपाटीपासून सुमारे ११०० मीटर उंचीवर आहे आणि खालचा मुलूख चारशेच्या आसपास, म्हणजे गाडीला सातशे मीटर वर उचलायचे. चार माणसे आणि सामान धरून गाडीचे वजन १७०० किलो धरले तर नुसते उचलायलाच सव्वातीन युनिट वीज लागते, वाटेतली गळती धरून चार. सपाट रस्त्याला किलोमीटरमागे ०.१४ युनिट धरू. अमरावती ते घाटाचा पायथा पंचावन्न किलोमीटरला आठ युनिट, पुढचे तीस किलोमीटर चार आणि चढाचे चार मिळून आठ. वर पोहोचेपर्यंत सोळा युनिट गेली. उतरताना मोटर उलटी फिरून थोडी वीज परत देते, म्हणून घाट उतरायला दीड-दोन युनिट, आणि पुढे सपाटीला पुन्हा आठ. जाऊन-येऊन सव्वीस युनिट, एसी वेगळा.

नेक्सॉनच्या पहिल्या मॉडेलची बॅटरी ३०.२ युनिटची. नवी असताना ही फेरी कशीबशी जमते. तीच बॅटरी पंचाहत्तर-ऐंशी टक्क्यांवर आलेली असेल तर तिच्यात साडेतेवीस युनिट उरतात आणि फेरी पुरी होत नाही. परतीच्या वाटेवर, पर्यटक गाडीत बसलेले असताना, चार्जर शोधावा लागतो. एका फेरीच्या जागी दिवसात दोन फेऱ्यांचे स्वप्न पाहिलेल्या माणसाचे गणित इथेच मोडते. शहरात दिवसाला चाळीस किलोमीटर फिरणाऱ्याला हीच बॅटरी आणखी पाच वर्षे पुरेल. म्हणून घटलेली बॅटरी म्हणजे टाकाऊ गाडी, असे आम्ही म्हणत नाही. आपले काम कोणते आणि त्याला किती युनिट लागतात, ते आधी मांडावे.

डॅशबोर्डवरच्या पल्ल्याच्या आकड्यावर मात्र विसंबू नये. तो आकडा गाडी अलीकडे कशी चालली त्यावरून अंदाज बांधतो. कोणी चिखलदऱ्याहून घाट उतरून परतवाड्यात गाडी दाखवायला आणली तर तो आकडा फुगलेला असणारच, कारण शेवटचे तीस किलोमीटर गाडी जवळपास फुकटात आली. यात विकणाऱ्याची लबाडी असेलच असे नाही, त्यालाही हे ठाऊक नसते.

वजनकाटा हवा असेल तर तो विजेचा मीटर आहे. गाडी दहा टक्क्यांपर्यंत चालवून आणावी, घरच्या पंधरा अँपियरच्या सॉकेटवर एक साधा सब-मीटर लावून रात्रभर शंभर टक्के भरावी आणि सकाळी आकडा वाचावा. भरताना सुमारे बारा टक्के वीज उष्णतेत जाते. समजा मीटरने २४ युनिट दाखवली. त्यातून गळती वजा केली तर बॅटरीत २१ गेली. ही नव्वद टक्क्यांची भरती, म्हणून पूर्ण बॅटरी साडेतेवीस युनिटची. ३०.२ च्या मानाने अठ्ठ्याहत्तर टक्के. कंपनी थोडी क्षमता राखून ठेवते, त्यामुळे चार-पाच टक्के इकडे-तिकडे होणारच. शक्य असेल तर त्याच मॉडेलची एखादी नवी गाडी अशीच भरून तिच्याशी तुलना करावी. जो विक्रेता एक रात्र गाडी देत नाही, त्याच्या किमतीत आम्ही तरी घासाघीस करीत बसणार नाही. ओबीडीच्या खाचेत यंत्र लावून बॅटरीच्या प्रकृतीचा टक्का वाचता येतो, कंपनीच्या वर्कशॉपमधूनही तपासणी करून घेता येते. दोन्ही करावे. मात्र लोह-फॉस्फेटच्या बॅटरीत टक्क्याचा अंदाज कधीकधी भरकटतो, म्हणून रात्रीची मीटरची चाचणी सोडू नये.

गाडी कुठून आली हेही पाहावे. आपल्या विदर्भाला हा अनुभव लवकर आला. २०१७ च्या मे महिन्यात नागपुरात ओला आणि महिंद्र यांनी विजेच्या दोनशे वाहनांचा प्रयोग सुरू केला. चार्जरपुढच्या रांगांत कमाईचे तास जातात, अशा चालकांच्या तक्रारी पुढच्या वर्षी छापून आल्या. अलीकडे, २०२५ च्या एप्रिलमध्ये, दिल्ली आणि बंगळूरमधली ब्लूस्मार्ट ही टॅक्सी सेवा बंद पडली आणि तिच्या हजारो गाड्या उभ्या राहिल्या. टॅक्सीच्या ताफ्यातली गाडी जलद चार्जरवर राबलेली असते, आणि महिनोन्महिने रिकामी उभी राहिली असेल तर ते दुखणे वेगळे. नंबरप्लेट पाहिली तरी अर्धी गोष्ट कळते. हिरव्या पाटीवर पांढरी अक्षरे म्हणजे खासगी, पिवळी अक्षरे म्हणजे भाड्याची.

हमीचा कागद वाचावा. अनेक गाड्यांच्या बॅटरीला आठ वर्षे किंवा १,६०,००० किलोमीटर, जे आधी होईल तोपर्यंत हमी असते, आणि ती पहिल्या नोंदणीपासून मोजतात. २०२० सालच्या गाडीची मुदत २०२८ साली संपते. टाटा कंपनीने २०२५ मध्ये काही मॉडेलांना आजीवन हमी जाहीर केली, पण ती पहिल्या मालकासाठी. दुसऱ्या मालकाला काय मिळते, हे कंपनीकडून लेखी घ्यावे.

आता विकणाऱ्या बांधवांशी दोन शब्द. मदीनेच्या बाजारातील धान्याच्या राशीचा प्रसंग आपण लहानपणापासून ऐकला आहे. प्रेषित मुहम्मद (स.) यांनी राशीत हात घातला तेव्हा आतले धान्य ओले लागले, आणि व्यापाऱ्याला त्यांनी ओले धान्य वर का ठेवले नाही, असे विचारले. बंद पेटीतली बॅटरी म्हणजे त्या राशीचा आतला भागच. फिक्हमध्ये खियार-ए-ऐब हा गिऱ्हाइकाचा हक्क मानला आहे. लपलेला ऐब नंतर उघड झाला तर त्याला माल परत करता येतो. ‘जशी आहे तशी’ एवढे बोलून, बॅटरी अठ्ठ्याहत्तर टक्क्यांवर आहे हे माहीत असून गप्प राहणे, हा सौदा आम्हाला साफ वाटत नाही. आकडा सांगून किंमत कमी घेतली तर कुणाचे नुकसान नाही. शहरात फिरणारे गिऱ्हाईक ती गाडी आनंदाने घेईल.

कारागिरांसाठी यात काम आहे. परतवाडा-अमरावतीत बॅटरी तपासून लेखी दाखला देणारा जाणकार हवा आहे. सब-मीटर, ओबीडीचे यंत्र आणि हिशेबाची वही एवढ्यावर हे दुकान सुरू होते. पेटी उघडण्याचे धाडस मात्र प्रशिक्षणाशिवाय करू नये. रिक्षाच्या बॅटरीचा झटका आणि तीनशे व्होल्टच्या डीसीचा झटका यांत जीवन-मरणाचे अंतर आहे. निकामी बॅटरी भंगारात फोडूही नये. २०२२ च्या बॅटरी कचरा नियमांप्रमाणे ती नोंदणीकृत पुनर्वापर कारखान्याकडेच जायला हवी.

घाटात चालवणाऱ्यांनी एक सवय लावून घ्यावी. चिखलदऱ्याच्या हॉटेलवर रात्री गाडी शंभर टक्के भरू नये, पंच्याऐंशीवर थांबावे. भरलेल्या बॅटरीत उतारावरची वीज मावत नाही, मग मोटर गाडी धरून ठेवत नाही आणि सगळा भार ब्रेकवर येतो. मे महिन्यात गाडी सावलीत आणि अर्धी भरलेली ठेवावी.

कराचे सांगून थांबतो. २०२४ च्या डिसेंबरमध्ये जैसलमेरला झालेल्या जीएसटी परिषदेने जुन्या इलेक्ट्रिक गाड्यांवरचा दर बारावरून अठरा टक्के ठरवला, पण तो नोंदणीकृत व्यापाऱ्याच्या नफ्यावर. सहा लाखांना घेऊन साडेसहाला विकली तर पन्नास हजारांवर नऊ हजार. तोट्यात विकली तर काही नाही, आणि नोंदणी नसलेल्या माणसाने स्वतःची गाडी दुसऱ्याला विकली तरी नाही. आरटीओचे फॉर्म २९ आणि ३० भरताना त्याच दिवशी एका साध्या कागदावर गाडीचे किलोमीटर, रात्रीच्या चाचणीची तारीख आणि मीटरची युनिटे लिहून दोघांनी सह्या कराव्यात.